मैदानाबाहेरचा गुन्हा आणि प्रशिक्षकाची जबाबदारी

वसंत व्याख्यानमालेत खेळावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा क्रिकेटची किंवा कबड्डीची असणार. आम्ही मात्र अमेरिकेतील कॉलेज-फुटबॉलबद्दल बोलणार आहोत, आणि तेही खेळाचे डावपेच सांगण्यासाठी नव्हे. सामना संपला, गणवेश उतरवला, आणि एखाद्या नामांकित खेळाडूने रात्री जाऊन एखाद्या मुलीला मारहाण केली, तर त्याच्या प्रशिक्षकाने काय करावे, हा आमचा विषय आहे. विषय दूरच्या मुलखातला आहे खरा. परंतु ज्याच्या हाती माणसाची भाकरी त्याच्याच हाती त्या माणसाचा न्यायही असावा काय, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. आयुष्यात कधीही दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेल्या कोणालाही तो परका वाटू नये.

खेळ आणि त्याचा कारभार

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो पायाने क्वचितच मारतात. हाताने फेकतात, किंवा छातीशी घट्ट धरून प्रतिपक्षाच्या हद्दीकडे धाव घेतात. प्रतिपक्षाने त्या धावणाऱ्याच्या अंगावर झेप घालून त्याला जमिनीवर पाडायचे. दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर कवच. खेळ अंगमेहनतीचा आहे आणि धोक्याचाही आहे. १९०५ च्या हंगामात अनेक तरुण या खेळात दगावले. देशभर ओरड झाली, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतः लक्ष घातले, आणि त्यातून १९०६ साली कॉलेजांची एक क्रीडासंघटना जन्मली. तिलाच आज एन. सी. ए. ए. म्हणतात. माणसांच्या जिवाच्या काळजीतून ही संघटना निघाली, एवढे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हणजे पाच-पन्नास मित्रांची गर्दी. तिकडे तसे नाही. नेब्रास्का राज्यातील लिंकन या गावी विद्यापीठाचे जे क्रीडांगण आहे त्यातील प्रत्येक सामन्याची तिकिटे १९६२ च्या नोव्हेंबरापासून संपत आलेली आहेत. सामन्याच्या दिवशी त्या क्रीडांगणात जमलेली माणसे हेच त्या राज्यातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर होय, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. चित्रवाणीचे हक्क, तिकिटे, जाहिराती, देणगीदारांच्या थैल्या असा हा कारभार आहे. बहुसंख्य राज्यांत सरकारी पगारपटावरचा सर्वांत मोठा आकडा राज्यपालाचा किंवा एखाद्या शास्त्रज्ञाचा नसतो; तो फुटबॉलच्या किंवा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाचा असतो.

आणि ज्याच्या खांद्यावर हा सारा डोलारा उभा, त्या खेळाडूचे काय? त्याला अनेक दशके पगार नव्हता. शिकवणीची फी, राहणे, जेवण आणि पुस्तके एवढेच त्याच्या पदरात पडे. त्याला 'विद्यार्थी-खेळाडू' म्हणायचे, कामगार म्हणायचे नाही, ही शब्दयोजना संघटनेने पन्नाशीच्या दशकात मुद्दाम रूढ केली. सामन्यात डोक्याला मार लागून मेलेल्या कोलोरॅडोतील एका खेळाडूच्या विधवेने कामगार-नुकसानभरपाई मागितली होती. १९५७ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही असे म्हणून ती नाकारली. शब्द बदलला की हक्क जातो, हे आम्हा कामगारांत वावरणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील खेळाडूंनी युनियन काढण्याचा प्रयत्न केला. कामगार मंडळाच्या शिकागो येथील अधिकाऱ्याने ते कामगारच आहेत असा निर्णय दिला. परंतु २०१५ च्या ऑगस्टात वरच्या मंडळाने प्रकरण हाती घेण्याचेच नाकारले. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना उत्पन्नातला वाटा थेट देऊ लागली. म्हणजे चित्र आता पालटत आहे. पण आम्ही ज्या घटना सांगणार आहोत त्या जुन्या व्यवस्थेत घडल्या.

त्या व्यवस्थेत प्रशिक्षकाची सत्ता किती होती ते दोन नियमांवरून कळेल. पहिला असा की, व्यावसायिक संघात शिरायचे तर हायस्कूल सोडून तीन वर्षे लोटावी लागतात. म्हणजे ती तीन वर्षे कॉलेजखेरीज दुसरा रस्ताच नाही. दुसरा असा की, १९७३ पासून २०१२ पर्यंत खेळाची शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची असे आणि पुढच्या वर्षी ती चालू ठेवायची की नाही हे मुख्यतः प्रशिक्षकाच्या मर्जीवर असे. मुलाला निवडून आणणारा तो, त्याची दिनचर्या ठरवणारा तो, त्याला मैदानात उतरवणारा किंवा बाकावर बसवणारा तो, त्याच्या भवितव्याची किल्ली सांभाळणाराही तोच. गरीब घरातून आलेल्या, कित्येकदा बापाचे छत्र नसलेल्या वीस वर्षांच्या मुलाला तो मालक, मुकादम, मास्तर आणि बाप असा चारही नात्यांनी भेटतो.

लिंकन, १९९५

आता लिंकन गावची हकीकत. लॉरेन्स फिलिप्स हा मुलगा १९७५ साली जन्मला. त्याचे बालपण कॅलिफोर्नियात अनाथ व निराधार मुलांच्या वसतिगृहांत गेले. अंगात वेग आणि ताकद विलक्षण. नेब्रास्काच्या संघात तो चेंडू घेऊन धावणारा गडी झाला आणि १९९४ च्या हंगामात त्याने १,७२२ यार्ड मजल मारली. संघ त्या वर्षी राष्ट्रीय विजेता ठरला. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न १९७३ पासून त्या जागेवर होते. शिक्षण-मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला, धर्मनिष्ठ, व्यसनांपासून दूर असा हा गृहस्थ. शाळकरी मुलांना वडीलधाऱ्यांची सोबत मिळावी म्हणून त्यांनी व त्यांच्या पत्नीने १९९१ साली एक संस्थाही काढली होती. आमच्या पुढच्या विवेचनात ऑस्बोर्न यांच्या चारित्र्यावर शिंतोडे नाहीत, हे येथेच सांगून ठेवतो.

९ सप्टेंबर १९९५ रोजी मिशिगन स्टेटविरुद्धच्या सामन्यात फिलिप्सने २०६ यार्ड धाव घेतली आणि चार वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हद्दीत नेला. त्याच रात्री, उजाडण्यापूर्वी, तो संघातल्याच एका खेळाडूच्या बिऱ्हाडात घुसला. तिथे त्याची पूर्वीची मैत्रीण होती. ती त्याच विद्यापीठाची बास्केटबॉल खेळाडू. त्याने तिला मारहाण केली आणि जिन्यावरून फरफटत खाली नेले. त्याला अटक झाली. पुढे न्यायालयात त्याने आरोपांचा प्रतिवाद केला नाही आणि त्याला वर्षभराच्या देखरेखीची शिक्षा झाली.

संघातून त्याला काढल्याचे प्रथम जाहीर झाले. थोड्याच दिवसांत काढण्याचे निलंबन झाले. समुपदेशन, वैद्यकीय तपासणी, वर्गातील हजेरी अशा अटी घातल्या गेल्या. सहा सामने तो बाहेर राहिला. ते सहाही सामने संघाने त्याच्यावाचून जिंकले. नोव्हेंबरच्या आरंभी तो परत मैदानात आला, आणि २ जानेवारी १९९६ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात त्याने १६५ यार्ड धाव घेतली. नेब्रास्काने फ्लोरिडाला ६२ विरुद्ध २४ असे लोळवले. वसंतात व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचा सहावा क्रमांक लागला.

पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचा शेवट वाईट आहे. पहिल्या व्यावसायिक संघाने १९९७ साली त्याला सोडले, आणि नंतर तो कोठेच टिकला नाही. २००५ साली लॉस एंजेलिसमध्ये किरकोळ खेळावरून झालेल्या भांडणानंतर त्याने मोटार तीन पोरांच्या अंगावर घातली. त्या गुन्ह्याची आणि एका मैत्रिणीवरील हल्ल्याची मिळून त्याला तीस वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१५ साली तुरुंगात त्याच्या खोलीतील दुसरा कैदी मृत आढळला आणि फिलिप्सवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. तो खटला चालायचा होता. त्याआधीच, १३ जानेवारी २०१६ रोजी, चाळीस वर्षांचा फिलिप्स आपल्या कोठडीत मृतावस्थेत सापडला. त्याने आत्महत्या केली होती.

प्रशिक्षकाचा युक्तिवाद

ऑस्बोर्न यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: या मुलाला घर नाही, बाप नाही, फुटबॉल हीच त्याच्या आयुष्यातील एकुलती एक शिस्त आहे, तीच काढून घेतली तर तो वाहून जाईल, म्हणून त्याला संघात ठेवणे हाच त्याला सुधारण्याचा मार्ग. टीकाकारांनी हे ढोंग ठरवले. जिंकायचे होते म्हणून ठेवला, दुसरे काही नाही, असे ते म्हणाले. आम्हाला ही टीका उथळ वाटते. एक तर, त्याच्यावाचूनही संघ जिंकत होता. दुसरे असे की, चुकलेल्या माणसाची भाकरी हिसकावून घेतल्याने तो सुधारतो, हे आम्ही उभ्या आयुष्यात कुठे पाहिलेले नाही. हाकललेला माणूस नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या गल्लीत जाऊन राहतो, आणि तिथेही बायामुले असतातच.

मग चुकले कुठे? दोन ठिकाणी चुकले, असे आमचे मत आहे.

पहिली चूक अशी की, दोन निराळ्या गोष्टी एकीत गुंडाळल्या गेल्या. मुलाला आधार देणे ही एक गोष्ट, आणि त्याला ऐंशी हजारांच्या जयघोषात मैदानात उतरवणे ही दुसरी. शिष्यवृत्ती, निवारा, जेवण, समुपदेशन, वर्ग, सकाळचा व्यायाम हे सारे चालू ठेवता आले असते. त्याच्या आयुष्यातली शिस्त सरावात आणि वर्गात होती. ती अजिंक्यपदाच्या सामन्यातील टाळ्यांत नव्हती. टाळ्यांनी त्याला नेमका उलटा धडा दिला: हात उगारलास तरी पायांत वेग आहे तोवर तुला क्षमा आहे.

दुसरी चूक अधिक खोल आहे. प्रशिक्षकाच्या तराजूत एका पारड्यात मुलाचे भवितव्य होते आणि दुसऱ्या पारड्यात संघाची शिस्त. ती मुलगी कोणत्याच पारड्यात नव्हती. तीही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी, तीही खेळाडू, तिलाही त्याच आवारात वावरायचे होते. तिच्या गुरूने तिच्याकरिता काय मागितले, तिला रात्री झोप येते काय, त्याला पुन्हा त्या गणवेशात पाहून तिला काय वाटेल, हे विचारणे फुटबॉलच्या प्रशिक्षकाच्या कामातच बसत नव्हते. म्हणूनच निर्णय त्याच्या हाती असायला नको होता. ऑस्बोर्न यांची दया खरी होती, पण ती दया ज्याला ते रोज पाहत होते त्याच्यापुरती होती. माणूस कितीही भला असला तरी त्याची नजर जिथवर पोचते तिथवरच त्याचा न्याय पोचतो.

हे एकट्या फिलिप्सपुरते नव्हते. त्याच संघातील एका बचावपटूवर स्त्रियांविरुद्धच्या वर्तनाचे डाग असूनही तो कॉलेजात अखेरपर्यंत खेळला. १९९६ च्या निवडीत न्यू इंग्लंडच्या व्यावसायिक संघाने त्याला घेतले, आणि बोभाटा होताच काही दिवसांत त्याच्यावरील हक्क सोडून दिला. नफ्यासाठी चालणाऱ्या संघाने जे आठवड्याच्या आत केले ते ज्ञानदानासाठी चालणाऱ्या विद्यापीठाने वर्षानुवर्षे केले नाही.

वेको येथील कुंपण

भल्या माणसाच्या हाती ही सत्ता असताना एवढे झाले. आता दुसरे गाव पाहू. टेक्सासमधील वेको येथे बेलर नावाचे विद्यापीठ आहे. १८४५ साली स्थापन झालेले, बाप्टिस्ट पंथाचे, नीतिनियमांबद्दल प्रसिद्ध. त्यांचा फुटबॉल संघ वर्षानुवर्षे हरत असे. आर्ट ब्राइल्स हे प्रशिक्षक २००८ च्या हंगामापासून आले आणि नशीब पालटले. २०११ साली त्यांच्या एका खेळाडूला देशातील सर्वोच्च वैयक्तिक पारितोषिक मिळाले, २०१३ व २०१४ साली संघ आपल्या गटात अजिंक्य ठरला, आणि २०१४ साली ब्राझोस नदीच्या काठी नवे कोरे क्रीडांगण उभे राहिले.

त्याच २०१४ च्या जानेवारीत त्या संघाच्या एका माजी खेळाडूला स्त्रीवरील अत्याचाराबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली. पाठोपाठ इतर तक्रारी उजेडात येऊ लागल्या. अखेर विद्यापीठाने फिलाडेल्फियातील वकिलांच्या एका संस्थेला चौकशी सांगितली. २०१६ च्या मे महिन्यात तेरा पानांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्ण लेखी अहवाल झालाच नाही. बाकीचे सारे तोंडी सांगितले गेले. त्या तेरा पानांत जे आले तेही पुरेसे होते. फुटबॉल विभागातील माणसे तक्रारदार मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना परस्पर भेटत होती, आपली आपण चौकशी करत होती, आणि ज्या अधिकाऱ्यांना कळवायला हवे त्यांना कळवत नव्हती. फुटबॉल विभाग नियमांच्या वरचा आहे अशी समजूत पसरली होती. शेताला कुंपण होते, पण ते पिकाच्या बाजूचे राहिले नव्हते.

अमेरिकेत १९७२ पासून कायदा आहे की शिक्षणसंस्थेत स्त्रीपुरुष भेद होता कामा नये. अत्याचाराची तक्रार दडपणे हाही त्याचाच भंग मानला जातो. १९९० पासून दुसरा कायदा आहे की विद्यापीठाने आपल्या आवारातील गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध केले पाहिजेत. पण १९७२ च्या कायद्याची अंमलबजावणी पाहणारा पूर्णवेळ अधिकारी बेलरने नेमला तो २०१४ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि तक्रार ऐकायला एक खुर्ची, एक टेबल आणि पगारी माणूस असणे वेगळे.

ब्राइल्स गेले, जाताना करारापोटी त्यांना सुमारे दीड कोटी डॉलर मिळाले. विद्यापीठाचे अध्यक्ष केनेथ स्टार यांनाही अध्यक्षपद सोडावे लागले. अध्यक्ष क्लिंटन यांच्या खाजगी वर्तनाची तपासणी करून जगभर गाजलेले ते हेच स्टार. आणि एन. सी. ए. ए.? तिचा निकाल २०२१ च्या ऑगस्टात आला. विद्यापीठ नैतिकदृष्ट्या चुकले, असे तिच्या समितीने म्हटले. पण अत्याचाराची तक्रार न कळवणे हा आमच्या नियमांचा भंग ठरत नाही, असेही म्हटले. इतर बाबींसाठी चार वर्षांची देखरेख आणि पाच हजार डॉलर दंड. खेळाडूंच्या जिवाच्या काळजीतून जन्मलेल्या संघटनेच्या नियमपुस्तकात, खेळाडूला कोणी फुकट जेवू घातले तर त्याला कलम होते, आणि खेळाडूने मुलीवर हात टाकला व प्रशिक्षकाने ते लपवले तर त्याला कलम नव्हते.

जॉबरची गोष्ट

येथे आम्हाला मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर आठवतो. माणूस कामावर घेणारा तो, काढणारा तो, बदलीची पाळी देणारा तो. गावाकडून आलेल्या पोराला तो खोलीत जागा मिळवून देई, अडीनडीला चार पैसे देई, आणि त्याच हाताने दस्तुरीही घेई. जॉबर सगळेच दुष्ट नव्हते. कित्येकांनी आपल्या गावची घरेच्या घरे जगवली. तरीसुद्धा कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात सांगितले की माणसे घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा. जॉबर चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. ज्याला उत्पादनाचा आकडा भरून दाखवायचा आहे त्याच्या हाती न्याय देणे धोक्याचे, हा प्रश्न होता. त्याच्याविरुद्ध तक्रार करायची ती त्याच्याकडेच, अशी स्थिती असली की तक्रार घशातच राहते.

फुटबॉलचा प्रशिक्षक हा त्या अर्थी जॉबर आहे. शनिवारी सामना जिंकून दाखवणे हा त्याचा आकडा. ज्या खेळाडूवर आरोप आला आहे तोच उद्याचा सामना जिंकून देणारा असेल तर त्या आरोपाची चौकशी प्रशिक्षकाने करू नये, याचे कारण तो अप्रामाणिक आहे असे नव्हे. तो त्या प्रकरणात पक्षकार आहे, हे आहे. आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये आणि दुसरी बाजू ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, ही न्यायाची दोन जुनी तत्त्वे आहेत. फाटकावरच्या सभेत ती सांगावी लागतात, आणि विद्यापीठाच्या सभागृहातही सांगावी लागतात असे दिसते.

दुसरी बाजू

त्यातील दुसऱ्या तत्त्वाकडेही पाठ फिरवून चालणार नाही. आरोप झाला म्हणजे अपराध सिद्ध झाला, असे आम्ही म्हणणार नाही. २००६ साली ड्यूक विद्यापीठातील लॅक्रॉस या खेळाच्या संघातील तीन तरुणांवर अत्याचाराचा आरोप आला. हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकाला राजीनामा द्यावा लागला, वर्तमानपत्रांनी निकालही देऊन टाकला. वर्षभराने, २००७ च्या एप्रिलात, राज्याच्या महाधिवक्त्याने ते तरुण निर्दोष असल्याचे जाहीर केले, आणि त्यांच्यावर खटला भरणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली. घाईने दिलेला न्याय हाही अन्यायच असतो. ज्या देशात काळ्या तरुणांवर संशयाची बोटे आधी उठतात तिथे ही सावधगिरी अधिकच हवी.

पण सावधगिरी म्हणजे काही न करणे नव्हे. कारखान्यात गंभीर आरोप आला तर चौकशी होईपर्यंत कामगाराला निलंबित करतात, आणि त्या काळात त्याला निर्वाहभत्ता मिळतो. निलंबन ही शिक्षा नाही, आणि भत्ता हे बक्षीस नाही. यंत्रापासून तो दूर राहतो, पण त्याच्या घरची चूल विझत नाही. खेळाडूच्या बाबतीत शिष्यवृत्ती, खोली, जेवण आणि वर्ग हा त्याचा निर्वाहभत्ता. सामना हे त्याचे यंत्र. चौकशी होईपर्यंत पहिले चालू ठेवावे, दुसरे थांबवावे. दोषी ठरला तर पुढचे पाहावे. निर्दोष ठरला तर सन्मानाने परत घ्यावे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याच्याजवळ जाणारे उदाहरण आहे. २०१४ साली ओक्लाहोमा विद्यापीठात नव्याने आलेल्या जो मिक्सन या खेळाडूने एका उपाहारगृहात एका मुलीच्या तोंडावर ठोसा मारला. विद्यापीठाने त्याला पूर्ण हंगाम बाहेर ठेवले, पण त्याचे शिक्षण चालू ठेवले. पुढच्या वर्षी तो खेळू लागला. २०१६ च्या डिसेंबरात त्या ठोशाची चित्रफीत लोकांसमोर आली तेव्हा पुन्हा गदारोळ झाला, आणि प्रशिक्षक बॉब स्टूप्स यांनी सांगितले की आज हे घडते तर त्याला संघातून काढलेच असते. एक हंगाम पुरेसा होता की नव्हता यावर वाद होऊ शकतो. पण आधार आणि मैदान या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, एवढे त्यातून सिद्ध होते.

मग जबाबदारी कोणती

पाच-दहा वर्षांत काही पावले पडली आहेत. दक्षिण-पूर्वेकडील विद्यापीठांच्या गटाने २०१५ साली ठरवले की घरगुती मारहाण किंवा अत्याचार यांसाठी एका विद्यापीठातून काढलेला खेळाडू दुसऱ्याने घेऊ नये. असाच एक खेळाडू जॉर्जियातून निघून अलाबामात पोचला होता, आणि तिथूनही काढावा लागला होता. २०१७ साली इंडियाना विद्यापीठाने आणखी पुढे जाऊन असा पूर्वेतिहास सिद्ध झालेल्या कोणालाही घ्यायचे नाही असा नियम केला. या नियमांमागची भावना आम्हाला कळते. पण कायमची दारे लावणे हा सोपा उपाय आहे; कठीण उपाय आहे तो घरातल्या घरात न्याय उभा करण्याचा.

त्या दृष्टीने प्रशिक्षकाची जबाबदारी आम्ही अशी मांडतो. तक्रार कानावर येताच ती त्याच दिवशी, संघाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडे पोचवणे. तक्रारदार मुलीला किंवा तिच्या आईबापांना स्वतः न भेटणे आणि आपल्या माणसांना भेटू न देणे; कारण प्रशिक्षकाची विनंती ही त्या गावात विनंती राहत नाही, हुकूम होतो. चौकशी होईतो खेळाडूला मैदानापासून दूर ठेवणे, आणि त्याच वेळी त्याचे जेवण, वर्ग व उपचार तुटू न देणे. निकाल काहीही लागो, तो पाळणे. आणि सर्वांत आधीची गोष्ट म्हणजे, मुलाला निवडून आणताना त्याच्या पायांचा वेग मोजतो तसा त्याच्या मनातला दाह ओळखणे. पहिल्या अपराधाची वाट न पाहता त्याला मदत मिळवून देणे. वर्षाला लक्षावधी डॉलर घेणाऱ्या माणसाने हे आपले काम नाही असे म्हणू नये. ज्याला मुलाच्या यशाचे श्रेय हवे त्याने त्याच्या अपयशाचा भारही उचलावा. मात्र भार उचलणे म्हणजे निकाल देणे नव्हे.

चूक झाल्यावर ती उघड मान्य करणे हाही जबाबदारीचाच भाग आहे. १९९८ साली ऑरेगॉन स्टेट विद्यापीठात ब्रेंडा ट्रेसी या स्त्रीने चार जणांविरुद्ध अत्याचाराची तक्रार केली. त्यांतील दोघे फुटबॉल संघातील होते. खटला उभा राहिला नाही, आणि प्रशिक्षक माइक रायली यांनी त्या दोघांना एका सामन्यापुरते बाहेर ठेवले. एक सामना. सोळा वर्षांनी, २०१४ साली, ट्रेसी स्वतःच्या नावाने जगासमोर बोलल्या. तेव्हा रायली यांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि २०१६ साली, नेब्रास्काचे प्रशिक्षक असताना, त्यांना आपल्या खेळाडूंसमोर बोलायला बोलावले. ज्या लिंकन गावी १९९५ साली त्या मुलीला कोणत्याच पारड्यात जागा नव्हती, त्याच गावी एकवीस वर्षांनी खेळाडू खुर्च्यांवर बसले आणि एक स्त्री उभी राहून बोलली. त्या एका व्याख्यानाने व्यवस्था बदलली असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रशिक्षकाने बोलावले तर खेळाडू ऐकतात, हे त्यातून दिसले. ही सत्ता त्याच्याजवळ राहणारच. ती निकाल देण्यासाठी वापरू नये, ऐकायला लावण्यासाठी वापरावी.

एका गोष्टीकडे लक्ष वेधून आम्ही थांबतो. फिलिप्सच्या आयुष्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, चित्रपटही निघाला, आणि त्याला वाचवता आले असते काय यावर लोक आजही बोलतात. तो विचार योग्यच आहे. पण १९९५ च्या त्या रात्री जिन्यावरून फरफटत नेलेल्या मुलीला वाचवण्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न त्याच्या आधी विचारला पाहिजे. तो आधी विचारला गेला असता तर कदाचित दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही वेगळे आले असते.